न झेललेला अपवाद : एका चौकटीचे वाचन

१९९९ च्या उन्हाळी सुटीत आम्ही एका बंद पडलेल्या मराठी मासिकाची लेखसूची संगणकावर करावयास घेतली. मासिकाच्या जुन्या फायली, त्यांवरून पूर्वी हाताने केलेली काही हजार कार्डे, आणि ती टंकित करण्यासाठी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, एवढी आमची सामग्री होती. या शिक्षिकेला आम्ही सर्वजण ‘बाई’च म्हणत असू. सूचीचा प्रोग्राम माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक पैसाही न घेता लिहून दिला होता. त्याच्या कामातील एका उणिवेविषयी पुढे बरेच लिहावे लागणार आहे, म्हणून हे ऋण आधीच नोंदवून ठेवतो.

जून महिन्यात केव्हातरी बाई एक कार्ड टंकित करत असता पडद्यावर इंग्रजी मजकुराची एक चौकट उमटली. एक तांबडी फुली, तेरा हा क्रमांक, ‘टाइप मिसमॅच’ हे दोन शब्द आणि खाली ‘ओके’ असे एकच बटण. ते दाबताच चौकट गेली, तिच्याबरोबर प्रोग्राम गेला आणि अर्धे लिहिलेले कार्डही गेले. बाईंनी हे मला सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात तेच आणखी चार वेळा घडले, तेही त्यांनी सांगितले नाही. मला ते कळले ते दिवाळीच्या सुमारास, सूची छापून झाल्यावर, आणि तेही वेगळ्याच वाटेने.

मासिकाच्या काही अंकांची मुखपृष्ठे गहाळ झालेली होती. अशा अंकांचे वर्ष आतील जाहिराती, पुस्तक-परीक्षणे, संपादकीयातील एखादा उल्लेख यांवरून अनुमानाने ठरवावे लागे आणि कार्डावर त्या वर्षापुढे प्रश्नचिन्ह घालावे लागे. संशोधनाच्या व्यवहारात या प्रश्नचिन्हाचे मोल काय असते हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. ‘१९३८’ आणि ‘१९३८?’ ही दोन भिन्न विधाने आहेत. छापील सूचीत मात्र एकाही वर्षापुढे प्रश्नचिन्ह नव्हते. मी विचारले तेव्हा बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, ते चिन्ह घातलं की ती पेटी यायची. माझं टायपिंग जुळत नाही म्हणायची. सगळं कार्ड पुसलं जायचं. मग मी ते चिन्ह घालायचंच सोडून दिलं.”

‘टाइप’ या शब्दाचा बाईंनी लावलेला अर्थ चुकीचा होता असे म्हणणे मला आजही जड जाते. त्या दिवसभर टाइप करत होत्या. समोरच्या यंत्राने ‘टाइप’ जुळत नसल्याचे सांगितले, तर ते त्यांच्या टंकलेखनाविषयीच असणार, हे अनुमान कोणत्याही सुजाण वाचकाने केले असते. प्रोग्रामकाराच्या परिभाषेत ‘टाइप’ म्हणजे मूल्याचा प्रकार : संख्या, अक्षरांची माळ, तारीख इत्यादी. वर्षाच्या रकान्यात प्रोग्रामला संख्या हवी होती. प्रश्नचिन्ह लागताच तिथे संख्या उरली नाही, प्रकार जुळेना आणि पुढचा मार्ग खुंटला.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. परिभाषेतील बहुतेक शब्द रूढीने लाक्षणिक झालेले असतात. पण रूढी ही एका समूहाची असते. त्या समूहाच्या बाहेरील वाचकापुढे तोच शब्द आला आणि त्याच्या संदर्भात मुख्यार्थ सुखाने बसत असला, तर बाध होणारच कसा? बाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले. वाक्य दुर्बोध असते तर त्यांनी कोणाला तरी विचारले असते. ते त्यांना पूर्णपणे समजले, आणि म्हणूनच त्या गप्प राहिल्या. चौकटींतील दुर्बोधतेविषयी पुष्कळ तक्रार केली जाते, पण या चौकटीने जे नुकसान केले ते आपल्या सुबोधतेने केले.

हा अपघात आमच्याच वाट्याला आला असे नव्हे. ‘विंडोज ९५’ या कार्यप्रणालीत एखादा प्रोग्राम कोसळला की, या प्रोग्रामने बेकायदेशीर कृती केली असून तो बंद करण्यात येईल, अशा आशयाचे वाक्य इंग्रजीत पडद्यावर येत असे. येथे ‘बेकायदेशीर’ म्हणजे संरक्षित स्मृतीत हात घालणे यासारखी, प्रक्रियकाने नाकारलेली क्रिया. न्यायालयाशी तिचा काही संबंध नाही. पण कायदा हा शब्द ज्यांच्या आयुष्यात तलाठी आणि कोर्ट यांच्या रूपानेच आलेला असतो त्यांनी तो तसा का वाचू नये? बेन श्नाइडरमन यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभीच अशा शब्दांना आक्षेप घेतला होता. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात, वस्तूची रचना सदोष असली तरी माणसे दोष स्वतःकडेच घेतात, हे सविस्तर दाखवले. बाईंनी यापैकी काही वाचलेले नव्हते, त्यांच्या वर्तनाने फक्त त्याला दुजोरा दिला.

मी हे सर्व विद्यार्थ्याच्या कानावर घातले तेव्हा तो चपापला. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, ती चौकट बाईंसाठी नव्हतीच. ती माझ्यासाठी होती.” या एका वाक्याने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला तो मला वाङ्मयाच्या वर्गात अनेकदा पडलेला आहे. संहितेत अभिप्रेत असलेला वाचक एक, आणि प्रत्यक्षात ती हाती पडलेला वाचक दुसरा. कवितेच्या बाबतीत हे अंतर फलदायी ठरू शकते. येथे ते एका निरपराध व्यक्तीवर आरोपपत्रासारखे येऊन आदळले. ‘डायलॉग’ हे या चौकटीचे रूढ नाव त्यामुळे मला नेहमीच उपरोधिक वाटत आले आहे. बोलणारा एकच आणि ऐकणाऱ्याला एकच उत्तर मोकळे, अशा प्रकाराला संवाद म्हणण्याची कल्पना कोणाला सुचली असेल ते असो.

त्याने मला जे समजावून सांगितले ते माझ्या भाषेत असे. प्रोग्राम म्हणजे एकमेकींना हाक मारणाऱ्या लहान लहान कार्यपद्धतींची उतरंड. अगदी आतल्या पद्धतीला आपले काम करता येत नाही असे आढळले, तर ती काम टाकून देते आणि ज्याने हाक मारली त्याच्याकडे तशी वर्दी फेकते. त्याने ती झेलली तर ठीक, न झेलली तर ती आणखी वर जाते. अडचण जिथे लक्षात येते तिथेच तिचे काय करावे हे ठाऊक असते असे नाही, म्हणून निर्णय हाक मारणाऱ्याच्या स्वाधीन करावा, असा विचार जॉन गुडइनफ यांनी १९७५ च्या एका निबंधात मांडला होता. पुढच्या अनेक भाषांत या वर्दीला ‘एक्सेप्शन’, म्हणजे अपवाद, हेच नाव पडले. हा शब्द ऐकताच व्याकरणाच्या अभ्यासकाला पाणिनी आठवतो. पण पाणिनीचा अपवाद हा आधीच पाहून ठेवलेला असतो. आपल्या क्षेत्रापुरता तो उत्सर्गाहून बलवान असतो, कारण सूत्रकाराने त्याची जागा नेमून दिलेली असते. न झेललेला अपवाद नेमका याच्या उलट आहे. त्याची जागा कोणीही नेमलेली नाही. तो उतरंडीच्या सर्वांत वरच्या मडक्यापर्यंत येतो, तेथेही त्याला कोणी घेत नाही, आणि मग जी चौकट उमटते ती लेखकाने लिहिलेलीसुद्धा नसते. भाषेच्या यंत्रणेने ती ठेवून दिलेली असते. आमच्या प्रोग्राममधील तेरा क्रमांकाची चौकट तशीच, कर्त्यावाचून आलेली होती.

तेव्हा पहिली गोष्ट ठरली ती ही की चौकट आपण लिहावयाची. त्याच्या भाषेत सर्वांसाठी मिळून एक शेवटचा पहारा बसवण्याची सोय नव्हती. बटण दाबणे, रकाना बदलणे अशा प्रत्येक घटनेच्या दाराशी वेगळा पहारा बसवावा लागला. ते त्याने दोन रविवारांत केले. मजकुराला मात्र आम्हांला तीन संध्याकाळी लागल्या, आणि याचे त्याला माझ्याहून अधिक आश्चर्य वाटले.

त्याचा पहिला खर्डा असा होता : ‘क्षमस्व! एक अनपेक्षित त्रुटी उद्भवली आहे.’ मराठीत आजही अशी वाक्ये पडद्यांवर दिसतात, म्हणून त्याविषयी थोडे थांबतो. ‘त्रुटी’ हा शब्द कोणीही घरात वापरत नाही, आणि ‘उद्भवणे’ हे क्रियापद रोगांच्या साथींना व वादांना शोभते. ‘त्रुटी’च्या जागी ‘चूक’ घालावा असे मी सुचवले आणि लगेच मागे घेतले. मराठीत चूक ही कोणाची तरी असते. ‘चूक झाली’ या वाक्यात कर्ता लपलेला असला तरी ऐकणारा त्याला शोधू लागतो, आणि खोलीत एकटी बाईच असल्या तर तो शोध फार लांब जात नाही. ‘दोष’ या शब्दाचीही तीच गत. ‘अडचण’ हा शब्द सौम्य आहे, पण तो काहीच सांगत नाही. शेवटी आम्ही ‘बिघाड’ घेतला. बिघाड यंत्रात होतो, माणसाकडे तो जात नाही. एका नामाच्या निवडीने दोषारोपाची दिशा बदलते हे वर्गात शिकवण्याचे मला अनेक प्रसंग आले आहेत, पण त्या निवडीचा परिणाम एका विशिष्ट व्यक्तीवर होणार आहे हे ठाऊक असताना ती करण्याचा प्रसंग तो पहिलाच.

‘क्षमस्व’विषयी आमचा खरा वाद झाला. त्याला तो शब्द सौजन्याचा वाटत होता, माझे मत वेगळे होते. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत दाखवले की क्षमा मागणे ही केवळ शब्दांनी वर्णन करण्याची गोष्ट नाही. शब्द उच्चारून केलेली ती एक कृती असते, आणि कृती तडीस जाण्यासाठी ती करणारी व्यक्ती व परिस्थिती योग्य असावी लागते. चौकटीतील ‘क्षमस्व’ कोण म्हणतो? यंत्राला खेद होत नाही, आणि ज्याला होऊ शकतो तो प्रोग्रामकार त्या वेळी आपल्या घरी झोपलेला असतो. १९८४ च्या मॅकिंटॉशवर सुझन केअर यांनी रेखाटलेल्या बॉम्बच्या चित्राशेजारीही खेदाचा शब्द होता. २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’ने गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करून त्याच चौकटीत, तुम्ही करत असलेले काम कदाचित नष्ट झाले असेल, असेही सांगितले. यातील दिलगिरीपेक्षा ते ‘कदाचित’ मला अधिक प्रामाणिक वाटते. विद्यार्थी म्हणाला, “पण सर, मला खरंच वाईट वाटतं.” मी म्हणालो, मग ते तू स्वतः बाईंना जाऊन सांग. तो गेलाही. चौकटीतून मात्र तो शब्द आम्ही काढून टाकला.

दुसरा खर्डा कारण सांगणारा होता, आणि तेथे अधिक मूलभूत अडचण निघाली. न झेललेला अपवाद म्हणजेच ज्याचे कारण आधी कल्पिलेले नाही असा अपवाद. कारण ठाऊक असते तर तो झेलला गेला असता. म्हणजे ही चौकट ज्या निवेदकाच्या मुखातून बोलते त्याचे ज्ञान मर्यादित आहे, आणि आपल्या मर्यादेची जाणीव हीच त्याची विश्वसनीयता आहे. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली ती कादंबरीसाठी, परंतु तिचे इतके निर्भेळ उदाहरण मला कादंबरीत क्वचितच भेटले आहे. जो कोसळत आहे तोच आपल्या कोसळण्याचा वृत्तान्त देतो आहे! २००२ मध्ये आलेल्या ‘डॉट नेट’च्या खिडक्यांच्या प्रोग्रामांत न झेललेल्या अपवादासाठी जी तयार चौकट मिळते तिच्यात ‘पुढे चला’ असेही एक बटण असते, आणि ते दाबल्यास प्रोग्राम झाल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याचा प्रयत्न करील असे आश्वासन असते. आतली अवस्था काय आहे हे प्रोग्रामलाच ठाऊक नसताना पुढे जाण्याची जबाबदारी वाचकावर सोपवणारे हे बटण आहे. ते उदार दिसते, पण पुढच्या नासाडीचा कर्ता त्यामुळे वाचकच ठरतो.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही मजकूर बाईंना दाखवला. त्यांनी तो चष्मा पुसून, शाळेतील निबंध तपासावा तसा वाचला आणि म्हणाल्या, “हे सगळं ठीक आहे, पण माझं कार्ड कुठं गेलं ते आधी सांगा की.” आमच्या खर्ड्यात ते तिसऱ्या वाक्यात होते. आम्ही दोघेही बिघाडापासून सुरुवात करत होतो, कारण आमच्या लेखी घटना म्हणजे बिघाड. बाईंच्या लेखी घटना म्हणजे कार्ड जाणे. त्यांनी ‘कार्यक्रम बंद होत आहे’ या वाक्यावरही बोट ठेवले : “हे आकाशवाणीसारखं वाटतं.” त्यामुळे ‘कार्यक्रम’ गेला. ‘आज्ञावली’ तर आम्ही कोणी बोलतच नव्हतो. ‘सूची बंद होईल’ असे साधे वाक्य आले, आणि एका ठिकाणी ‘प्रोग्राम’ तसाच राहिला. अखेरचा मजकूर असा ठरला :

‘तुम्ही लिहीत असलेले कार्ड सूचीत गेलेले नाही. त्याची प्रत वेगळी ठेवली आहे. सूची पुन्हा उघडल्यावर ते कार्ड समोर येईल. आधीची सर्व कार्डे जागेवर आहेत. प्रोग्राममध्ये बिघाड झाला आहे. तो कशामुळे झाला हे प्रोग्रामला ओळखता आलेले नाही. आता सूची बंद होईल.’

हे वाचून विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, “आधीची सर्व कार्डे जागेवर आहेत, हे मी कशावरून म्हणू?” प्रश्न रास्त होता. त्यावेळचा प्रोग्राम कार्डाची प्रत वेगळी ठेवत नव्हता, आणि आधीची कार्डे तपासतही नव्हता. म्हणजे आम्ही लिहिलेल्या पहिल्या चार वाक्यांपैकी तीन असत्य किंवा निराधार होती. ती खोडण्याऐवजी त्याने प्रोग्राम बदलला. बिघाड होताच अर्धे कार्ड आधी एका स्वतंत्र फाइलीत उतरवावयाचे, मूळ सूचीच्या फाइलीला त्या अवस्थेत हात लावावयाचा नाही, कारण गोंधळलेल्या हाताने लिहिलेली नोंद न लिहिलेल्या नोंदीहून वाईट. मग सूचीतील कार्डे मोजून पाहावयाची. प्रत उतरली तरच दुसरे व तिसरे वाक्य दाखवावयाचे, आणि मोजणी जुळली तरच चौथे. न जुळल्यास त्या जागी ‘आधीची कार्डे तपासता आलेली नाहीत’ असे यावयाचे. एका वाक्याने खरे ठरण्यासाठी बाहेरचे जग बदलून घ्यावे, हे मी शैलीविषयी इतकी वर्षे बोलूनही पाहिलेले नव्हते.

बटणाची गोष्ट थोडक्यात सांगतो. ‘ओके’चे मराठी ‘ठीक आहे’ असे होते. आपले काम गेल्याची बातमी वाचून माणसाने ‘ठीक आहे’ म्हणावे आणि तसे म्हटल्यावाचून त्याची सुटका होऊ नये, ही मागणी मला क्रूर वाटली. तेथे ‘सूची बंद करा’ असे आले. शेजारी ‘तपशील’ हे दुसरे बटण होते. ज्याच्यासाठी मूळ चौकट होती तो वाचक तेथे भेटत असे : तेरा हा क्रमांक, घटनेची वेळ, कोणत्या कार्यपद्धतीत बिघाड झाला तिचे नाव, रकान्यातील मजकूर. हे सर्व फाइलीतही उतरत असे आणि बाई ती फाइल शनिवारी फ्लॉपीवर घालून देत. दोन वाचकांसाठी दोन संहिता झाल्या, आणि एकाने दुसऱ्याची वाचण्याची सक्ती संपली.

देवनागरीने मात्र छळले. संगणकाच्या तयार चौकटीत आमचा मराठी फाँट बसत नसे, अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा येत. स्वतःची खिडकी रेखाटावी लागली, आणि आधीच डळमळलेल्या प्रोग्रामला त्या क्षणी जितके कमी काम सांगावे तितके बरे, म्हणून तीत चित्र नाही, रंग नाही. ‘विंडोज २०००’पासून युनिकोडमधील देवनागरीची सोय झाल्यावर हा त्रास ओसरला.

अ‍ॅलन कूपर यांनी १९९५ च्या पुस्तकात चुकीच्या चौकटी सुधारत बसण्यापेक्षा त्यांची गरजच नाहीशी करावी असा आग्रह धरला आहे. आमच्या प्रश्नचिन्हाच्या बाबतीत तो पूर्णपणे खरा होता. वर्षाचा रकाना पुढे शंका स्वीकारू लागला, आणि जे कल्पिले गेले ते अपवाद उरले नाही. पण जे कल्पिलेले नाही ते कोठेतरी शिल्लक राहतेच. नवी चौकट पुढच्या दोन वर्षांत तीन वेळा उमटली. तिन्ही वेळा बाईंनी दूरध्वनी केला, आणि एकदाही आवाज खाली आणून बोलल्या नाहीत.

मूळ कार्डे होती तेथे प्रश्नचिन्हे परत घालता आली, आणि दुसऱ्या आवृत्तीत ती छापली गेली. काही नोंदी मात्र बाईंनी कार्डावाचून थेट फायलींवरून केल्या होत्या. त्यांपैकी कोणत्या वर्षांपुढे त्यांच्या मनात प्रश्नचिन्ह होते हे त्यांनाही आठवले नाही. माझ्या प्रतीत मी एकतीस ठिकाणी पेन्सिलीने ते घातले आहे, तेही अंदाजानेच. गेल्या वर्षी एका प्रबंधाचे परीक्षण करताना त्यांतील एक वर्ष, १९३८, निःशंकपणे दिलेले आढळले. त्यावर एका कवीच्या प्रभावाची मांडणी उभी होती, आणि तळटिपेत आमच्या सूचीच्या पहिल्या आवृत्तीचा हवाला होता.